यावलचं 'यावारु' होतं तेव्हा

जपानी लिपीत 'ल' नाही. त्यामुळे यावलचा मुलगा जपानी कंपनीचा अर्ज भरायला बसला, की पहिल्याच पानावर त्याचं गाव 'यावारु' होतं आणि आडनाव पाटील असेल तर 'पातिरु'. पुढची पंचाईत वडिलांच्या नावाची. जपानी अर्जात आडनाव आणि नाव असे दोनच रकाने; आपल्याकडे मधे वडील उभे. पासपोर्टात ते मुलाच्या नावाला चिकटून येतात, म्हणून जपानी कारकून बापलेकांना एकाच दमात हाक मारतो. जन्मसाल 2001 असेल, तर ते पुष्कळदा जपानी सम्राटाच्या कालगणनेप्रमाणे 'हेइसेई 13' असं लिहितात. या अर्जाला म्हणतात रिरेकिशो. आता बऱ्याच कंपन्या तो संगणकावर भरलेला घेतात. पण हातानं लिहायचा असेल तर खाडाखोड चालत नाही आणि व्हाइटनरही नाही. एक अक्षर चुकलं की कागद फाडायचा, नवा घ्यायचा.

हे झालं मुलाखतीच्या आधीचं.

यावल आणि जपान ही जोडी कुणाला ओढूनताणून बांधलेली वाटेल. सातपुड्याच्या पायथ्याचं, केळीच्या बागांमधलं हे तालुक्याचं गाव. मोठी गाडी पकडायची तर भुसावळला जायचं. पण याच तालुक्यात फैजपूर आहे. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन 1936 च्या डिसेंबरात तिथे झालं, आणि आज तिथे अभियांत्रिकी कॉलेजही आहे. केळीला भाव मिळेल की नाही याचा भरवसा नाही, म्हणून डिप्लोमा किंवा डिग्री घेतलेला मुलगा पुण्याकडे बघतो, तिथून पुढे कुठे जाता येईल ते बघतो. ऑगस्ट 2025 मध्ये भारत आणि जपान या दोन देशांनी पाच वर्षांत मिळून पाच लाख माणसांची देवाणघेवाण करायचं ठरवलं. त्यातले 50 हजार भारतातून जपानला जाणारे कुशल आणि अर्धकुशल कामगार असतील, असं उद्दिष्ट आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये जपानात काम करणारे परदेशी 23 लाखांवर गेले होते. देश म्हातारा होतोय, हात कमी पडतायत. केळी मात्र जपान बहुतांशी फिलिपिन्सची खातो. तेव्हा माल राहिला इथेच, पिकवणाऱ्याची पोरं तेवढी हवीत.

या वाटेवर सगळे बोलतात ते परीक्षेबद्दल. जेएलपीटी ही जपानी भाषेची परीक्षा 1984 पासून चालू आहे. एन-5 सर्वांत खालची पातळी, एन-1 सर्वांत वरची. भारतात ती साधारणपणे जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते, आणि खानदेशातला विद्यार्थी त्यासाठी मुंबई नाहीतर पुण्याचं केंद्र धरतो. पुण्यात जपानी शिकवण्याची परंपरा अनेक दशकांची आहे. जपानी येणारी माणसं भारतात कुठे मिळतील असं विचारलं, तर पुण्याचं नाव अगदी वर येतं. 2019 मध्ये जपाननं 'तोकुतेई गिनोउ', म्हणजे विशिष्ट कौशल्याच्या कामगारांसाठी, नवा व्हिसा काढला आणि जानेवारी 2021 मध्ये भारताशी त्याचा करार केला. वृद्धांची शुश्रूषा, शेती, बांधकाम, हॉटेल अशी क्षेत्रं त्यात येतात. भाषेची अट एन-4 किंवा तितक्याच तोडीची दुसरी एक परीक्षा. कार्यालयातल्या नोकरीसाठी मात्र कंपन्या बहुधा एन-2 मागतात.

आणि इथेच गोम आहे. जेएलपीटीत शब्द, व्याकरण, वाचन आणि ऐकणं तपासतात. बोलणं तपासतच नाहीत. निबंधही नसतो. दिलेल्या पर्यायांतला एक निवडून गोल काळा करायचा. एकही वाक्य तोंडातून न काढता माणूस एन-1 पर्यंत पोचू शकतो, आणि असे लोक आहेतही. मग तो प्रमाणपत्र घेऊन मुलाखतीला बसतो आणि समोरचा माणूस तोंड उघडतो.

समजा, आपला मुलगा तोक्योतल्या एका मधल्या आकाराच्या कंपनीच्या दारापाशी उभा आहे. दार तीनदा ठोठावायचं. दोनदा ठोठावणं म्हणजे संडासात कुणी आहे का बघणं, असा तिथला संकेत. आतून 'दोझो' ऐकू आलं की आत जायचं आणि 'शित्सुरेई शिमास' म्हणायचं. शब्दश: अर्थ घेतला तर 'मी उद्धटपणा करतो आहे'. समोरच्यांना पाठ दाखवायची नाही, म्हणून दार लावताना अंग अर्धवट वळवायचं. खुर्चीच्या बाजूला उभं राहून नाव सांगायचं. बसा म्हटल्याशिवाय बसायचं नाही, बसल्यावर पाठ टेकायची नाही, पिशवी टेबलावर न ठेवता पायाशी ठेवायची. कमरेतून वाकण्याचेही प्रकार आहेत: 15 अंश, 30 अंश, 45 अंश. आपल्याकडे वाकून नमस्कार करणाऱ्याला कुणी कोनमापक लावत नाही.

ही सगळी कवायत पाठ करता येते, आणि क्लासवाले ती करूनही घेतात. अडतं ते पुढे. मुलाखत घेणारा दोन-तीन मिनिटं कंपनीबद्दल बोलतो. आपल्याकडे मोठं माणूस बोलत असताना मधे तोंड घालू नये असं शिकवलेलं, म्हणून मुलगा गप्प बसून ऐकतो. जपानी माणसाला ही शांतता टोचते. याला काही कळतंय की नाही? तिथे ऐकणाऱ्यानं मधे मधे 'हाइ', 'हाइ' म्हणत राहायचं असतं. त्याला ऐझुची म्हणतात. मराठीत याला शब्द आहे: हुंकार. रात्री आजी गोष्ट सांगायची तेव्हा कुणीतरी 'हं… हं' म्हणत राहावं लागे, नाहीतर ती गोष्टच थांबवायची. तोच हा हुंकार, फक्त सुटाबुटातला. पण ही जोड कुणी करून दिलेली नसते.

मग मुलगा 'हाइ' म्हणायला लागतो आणि दुसऱ्या खड्ड्यात पडतो. शब्दकोशात 'हाइ' म्हणजे हो. संभाषणात तो पुष्कळदा 'ऐकतोय' एवढाच असतो. न कळलेल्या तीन वाक्यांना त्यानं 'हाइ' म्हटलेलं असतं; चौथं वाक्य प्रश्न निघतं. त्यात आपली मान. होकाराला आपण ती आडवी डोलवतो, जपानी माणसाला ते नाही म्हटल्यासारखं दिसतं. तोंड हो म्हणतंय, डोकं नाही म्हणतंय. 'मोउ इचिदो ओनेगाइ शिमास', म्हणजे पुन्हा एकदा सांगता का, एवढं म्हटलं असतं तर निभावलं असतं. पण परत विचारणं म्हणजे नापास होणं, अशी आपल्या शाळांनी लावलेली सवय.

केइदानरेन ही जपानी उद्योगांची मोठी संघटना. नवे पदवीधर घेताना काय बघता, असं ती सभासद कंपन्यांना विचारत आली. 2018 पर्यंत सलग 16 वर्षं पहिल्या क्रमांकावर एकच उत्तर होतं: संवाद साधण्याची ताकद. गुण नव्हेत, पदवी नव्हे. आणि हे जपानी मुलांबद्दल विचारलेलं.

भाषेचा सर्वांत अवघड भाग म्हणजे केइगो, आदराची बोली. आदरार्थी बोलणं मराठी माणसाला नवीन नाही. ये, या आणि यावं यांतला फरक पोरासोरांनाही कळतो. जपानीत मात्र आदराला दोन टोकं आहेत. समोरच्याला वर चढवणारी क्रियापदं वेगळी आणि स्वत:ला खाली उतरवणारी वेगळी. 'जाणे' हेच घ्या. साधं 'इकिमास', साहेब जातात तेव्हा 'इराश्शाइमास', मी जातो तेव्हा 'माइरिमास'. शिवाय 'स्वत:' म्हणजे फक्त मी नाही. परक्यासमोर माझे आईवडील, माझी कंपनी, माझा साहेब हे सगळे 'मी'तच जमा. म्हणून 'आमचे वडील शेती करतात' हे वाक्य जपानीत नेताना वडिलांचं अहो-जाहो काढून टाकावं लागतं. घरात हाक मारायची 'ओतोउसान', मुलाखतीत म्हणायचं नुसतं 'चिचि'. बापाला चारचौघांत अरे-तुरे केल्यासारखं वाटतं आणि नेमकी तिथे जीभ अडते. अडली नाही तर ओतोउसान बाहेर पडतं, आणि समोरच्याच्या मनात खूण होते की याला घरचं आणि दारचं वेगळं करता येत नाही.

खरं तर खानदेशी मुलाला घरची आणि दारची बोली वेगळी ठेवणं उपजत येतं. घरात लेवा गणबोली किंवा अहिराणी, कॉलेजात प्रमाण मराठी, मुलाखतीला इंग्रजी. पुण्यात गेल्यावर 'काय करून राहिला?' म्हटलं म्हणून हसू झालेलं त्यानं सोसलेलं असतं. गंमत अशी की जपानी याच 'करून राहिला'च्या वळणानं चालते. 'ताबेते इरु': ताबेते म्हणजे खाऊन, इरु म्हणजे असणं, राहणं. खाऊन राहिला! पुणेकराला हे 'खातो आहे' असं समजावून घ्यावं लागतं, खानदेश-वऱ्हाडकडच्याला आयतं मिळतं. क्रियापद शेवटी, विभक्तीसारखे प्रत्यय नामाच्या मागे, 'तोक्यो नि इकिमास' म्हणजे 'तोक्योला जातो'. 'त्सु' म्हणायला हिंदीभाषक अडखळतो. 'चमचा' म्हणणाऱ्या मराठी जिभेला तो जवळचा आहे. एवढं भांडवल घरात असताना आपले वर्ग जपानी शिकवतात ते इंग्रजी पुस्तकातून. हे या लेखकाला कधीच उमगलेलं नाही.

पण मुलाखत बिघडली म्हणजे चूक पोराचीच, असं धरून चालणं हा अन्याय आहे. जपानच्या न्याय मंत्रालयानं 2016 च्या नोव्हेंबरात तिथल्या परदेशी रहिवाशांची पाहणी केली. 4,252 जणांनी उत्तरं दिली. आधीच्या पाच वर्षांत नोकरी शोधलेल्यांपैकी 25 टक्के लोकांना परदेशी असल्यामुळे नकार मिळाला होता. चारांत एक. तिथे वाकण्याचा कोन कितीही अचूक असला तरी उपयोग नव्हता.

या बाबतीतला सर्वांत गाजलेला खटला हिताची कंपनीवरचा. पार्क जोंग-सोक हा जपानातच जन्मलेला, जपानीच बोलणारा कोरियन वंशाचा तरुण. 1970 मध्ये त्यानं रोजच्या वापरातलं जपानी नाव लिहून अर्ज केला, परीक्षा दिली, निवड झाल्याचं पत्रही आलं. मग कंपनीनं कोसेकीची प्रत मागितली. कोसेकी म्हणजे कुटुंबाची सरकारी नोंदवही. ती जपानी नागरिकांचीच असते. मी कोरियन आहे, देता येणार नाही, असं त्यानं कळवलं आणि नोकरी गेली. तो न्यायालयात गेला. 19 जून 1974 रोजी योकोहामा जिल्हा न्यायालयानं निकाल दिला: निवडपत्र दिलं तेव्हाच करार झाला होता, राष्ट्रीयत्वापायी तो मोडता येणार नाही. पार्क कामावर रुजू झाला आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिला.

निवडपत्र हाती आलेल्याला हा निकाल आधार देतो. त्याआधीचा रस्ता मात्र उघडाच. जपानच्या कामगार मानके कायद्याचं तिसरं कलम राष्ट्रीयत्वावरून पगारात आणि कामाच्या अटींत भेदभाव करू नका म्हणतं; पण मित्सुबिशी जुशी खटल्यात 1973 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हे कलम नोकरीत घेतल्यानंतरचं आहे, कुणाला घ्यायचं ते कंपनी ठरवील.

मुलाखतीत काय विचारू नये याची यादी तिथल्या श्रम मंत्रालयानं केली आहे. 14 गोष्टी टाळा, असं ते कंपन्यांना सांगतं. मूळ गाव विचारू नका. घरी कोण काय करतं, घर कसं आहे, धर्म, पक्ष, कोणतं वर्तमानपत्र वाचता, हेही नको. आदरणीय व्यक्ती कोण, हासुद्धा नको. आपल्या मुलाला हे ऐकून नवल वाटेल. 'तुमचा आदर्श कोण?' या प्रश्नाला शिवाजी महाराज हे उत्तर त्याच्या तोंडावर तयार असतं, आणि विचारायच्या आधीच तो 'माझे वडील शेतकरी, आई गृहिणी' सांगून मोकळा झालेला असतो. आपल्या स्व-परिचयाची सुरुवातच तिथून होते.

ही यादी का आली, ते मात्र मराठी वाचकाला समजावून सांगावं लागणार नाही. जपानात बुराकु म्हणून ओळखले जाणारे लोक आहेत. कातडी कमावणं, मेलेली जनावरं उचलणं अशी कामं पूर्वी त्यांच्याकडे, म्हणून वस्त्या वेगळ्या. चेहऱ्यावरून, भाषेवरून ते ओळखू येत नाहीत. गावाच्या नावावरून येतात. 1975 मध्ये उघडकीला आलं की अशा वस्त्यांची छापील यादी कंपन्यांना चोरून विकली जात होती. दोनशेहून जास्त कंपन्यांनी ती विकत घेतली होती, उमेदवाराचं गाव त्यात आहे का ते ताडून बघायला. 'गाव कोणतं? त्यात कोणत्या आळीला?' या प्रश्नाचा रोख आपल्याकडे ज्याला कळतो, त्याला मंत्रालयाची ती 14 गोष्टींची यादीही कळते.

मार्गदर्शक सूचना आणि मुलाखतीची खोली यांत अंतर असतंच. कुणी प्रेमानंही घरचं विचारतो. अशा वेळी उत्तर न देता उठून जावं असं नाही. पण तो प्रश्न तिथे सरकारमान्य नाही, एवढं ठाऊक असलं तरी खुर्चीत बसण्याची ढब बदलते. पगाराचंही तसंच. पहिल्याच मुलाखतीत शेवटी 'तुम्हाला काही विचारायचं आहे का?' असं म्हटल्यावर पगार आणि सुट्ट्या विचारणं तिथे उथळ समजतात. पण कर्ज काढून निघालेल्या मुलानं विचारायचं नाही तर कुणी? कामाच्या अटी कागदावर देणं कंपनीवर कायद्यानं बंधनकारक आहे. पहिल्या दिवशी नाही तर नाही, सही करण्याआधी तो कागद मागावाच.

नकार येतो तो ईमेलनं. 'पुढील वाटचालीस यश लाभो अशी प्रार्थना करतो', असं त्याच्या शेवटी लिहिलेलं असतं. तरुण जपानी मुलं याला 'ओइनोरी मेल' म्हणतात, प्रार्थनेची मेल. 'माझ्यासाठी प्रार्थना झाली' म्हणजे माझी विकेट गेली. कारण देत नाहीत. काही कंपन्या तर तेवढीही मेल पाठवत नाहीत. त्याला 'मूक प्रार्थना' म्हणतात. मुलाखतीत 'केंतोउ शिमास', विचार करतो, असं हसून म्हटलेलं असतं आणि यावलला पेढे वाटायची बोलणी सुरू झालेली असतात. आपल्याकडच्या 'बघू, कळवतो'चं हे जपानी भावंड आहे, हे ओळखायला हवं.

जमतं कुणाला? योगेंद्र पुराणिक हे महाराष्ट्रातून गेलेले गृहस्थ. आधी विद्यार्थी म्हणून गेले, मग आयटी आणि बँकेच्या नोकऱ्या केल्या. तोक्योच्या एदोगावा भागात भारतीयांची मोठी वस्ती आहे; तिथल्या सभागृहावर ते एप्रिल 2019 मध्ये निवडून आले. पुढे इबाराकी प्रांतानं सरकारी शाळांच्या प्रमुखपदांसाठी खुले अर्ज मागवले, त्यात त्यांची निवड झाली आणि त्सुचिउरा इथल्या शाळेचे ते मुख्याध्यापक झाले. म्हणजे जपानी मुलांच्या शाळेवर मराठी हेडमास्तर. पण पहिल्यांदा जपानला जाणं आणि हे पद मिळणं यांत पंचवीसेक वर्षं गेली, हेही त्याच दमात सांगायला हवं. दुसरी वाट इंग्रजीची. राकुतेन कंपनीनं कारभार इंग्रजीत नेण्याचं 2010 मध्ये जाहीर केलं आणि 2012 पासून तो नेला. अशा कंपन्या थोड्या, आणि त्या शोधतात ते बहुतेक संगणकवाले. शुश्रूषेला किंवा बांधकामाला जाणाऱ्याला ही वाट नाही. त्याला म्हाताऱ्या आजीचं 'दुखतंय' जपानीतच कळायला हवं.

पैशाचंही एक सांगितलं पाहिजे. परदेशी नोकरी लावून देणारा दलाल भारत सरकारकडे नोंदलेला असावा लागतो आणि त्यानं उमेदवाराकडून 30,000 रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घ्यायचं नाही, असा नियम आहे. नोंदणी आहे की नाही, ते ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर पाहता येतं. भाषावर्गाची फी वेगळी. पण 'मुलाखत पक्की, फक्त दोन लाख भरा' म्हणणाऱ्याला आधी नोंदणी क्रमांक विचारा. वर्गवाल्यालाही एक प्रश्न विचारावा: आठवड्यात किती तास मुलं नुसती बोलतात? गोल काळे करण्याचे तास त्यात धरू नका.

जपानात आज पन्नास हजारांहून जास्त भारतीय राहतात. त्यांत जे खानदेशातले असतील, त्यांनी एवढं करावं: गावाकडच्या एका मुलाला आठवड्यातून एकदा फोनवर अर्धा तास जपानीत प्रश्न विचारावेत, आणि तो अडला तरी मराठीवर येऊ नये. भारतापेक्षा जपानचं घड्याळ साडेतीन तास पुढे आहे. यावलला रविवारी संध्याकाळचे सहा वाजतात, तेव्हा तोक्योत साडेनऊ झालेले असतात.